उभा पासंग

गाडी काट्यावर चढवण्याआधी आमच्याकडचा शेतकरी एकच गोष्ट बघतो. रिकामा काटा शून्य दाखवतो का. कागद बघत नाही, सरकारी शिक्का बघत नाही. ट्रॅक्टर कडेला लावतो, खाली उतरतो, केबिनवरच्या लाल आकड्यांकडं मान वर करून म्हणतो, "मालक, आधी शून्य दाखवा." माझी शाळा चौथीत सुटली. पुढं जे शिकलो ते या एका वाक्यावर शिकलो. ज्याचं शून्य खोटं, त्याचं पुढचं सगळंच खोटं.

आमचा काटा केजकडून युसूफ वडगावला जाताना रस्त्याच्या डाव्या अंगाला आहे. बापाच्या वेळचा काटा दांडीचा होता. गाडी चढली की केबिनमधल्या लोखंडी दांडीवर माप सरकवायचं अन् दांडी मधोमध तरंगली की वजन वाचायचं. हे काम माझ्या थोरल्या भावाचं. त्याच्या बोटाला काय गुण होता कोण जाणे, दुसऱ्याला चार वेळा मागंपुढं करावं लागायचं तिथं त्याची दांडी एका सरकवण्यात तरंगायची. गिऱ्हाईक, व्यापारी, भांडणं हे माझ्याकडं. दादा कमी बोलायचा, मी जास्त बोलायचो. असं दोघांचं बरं चाललं होतं.

मग देशात सगळं खुलं झालं म्हणतात ते दिवस आले. वडगावात एसटीडीचे पिवळे डबे लागले. दहा चाकांच्या गाड्या आल्या, त्या जुन्या काट्यावर मावेनात. कापसाच्या व्यापाऱ्यांना छापील पावती पाहिजे झाली. दोन हजार साल उलटल्यावर मी जुना काटा उपटला अन् कॉम्प्युटरचा बसवला. हट्ट माझाच होता. घरात कुणाला विचारलं नाही, विचारायची मला सवय नाही. दादानं दांडी निघताना एवढंच विचारलं, "मग मी काय करू बे?"

मी म्हणालो, बसून खा, लई दिवस उभा राहिलास.

नवा काटा बसला तसा तो गाडी चढते त्या लोखंडी प्लेटीवरचा चिखल झाडूनं काढायला लागला. काट्याचा फिटर बाहेरगावचा होता. वीज जायची वेळ झाली होती म्हणून त्याला घाई. आत बसून त्यानं कॉम्प्युटरला शिकवलं की आत्ता काट्यावर जे आहे त्याला शून्य समज. ते कुलूपबंद केलं, किल्लीचा शब्द स्वतःजवळ ठेवला अन् पिशवी उचलून गेला. मग दादा झाडू घेऊन प्लेटीवरून खाली उतरला. लाल आकडे हलले. वजा पासष्ट.

शून्य धरलं तेव्हा दादा कोपऱ्यात झाडत होता. आतून कुणी बाहेर बघितलं नव्हतं. कॉम्प्युटरच्या हिशेबानं दादा काट्याचाच एक भाग झाला होता.

फिटरला फोन लावले, तो येतो म्हणाला, आला नाही. पुढं त्याचं दुकानच बंद झालं. काटा बसल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला ट्रॅक्टर आला अन् शेतकरी मान वर करून म्हणाला, शून्य दाखवा. मी आत घाम पुसतोय तोवर दादा सावकाश प्लेटीवर चढला अन् कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. आकडा चढत चढत शून्यावर थांबला. शेतकऱ्यानं विचारलं, हे काय? दादा म्हणाला, "पासंग हाय. तराजूला दगड लावत न्हाईत का? तसा मी."

शेतकरी खो खो हसला अन् त्यानं ट्रॅक्टर चढवला.

तिथून पुढं तेच झालं. गाडी आली की दादा कोपऱ्यात उभा. ड्रायव्हर लांबूनच ओरडायचे, "काय आप्पा, पोट भरून जेवलाव न्हवं? नाहीतर आमचं वजन मारलं जाईल." बायका सरकीची पोती घेऊन यायच्या, त्या म्हणायच्या, या काट्यावर मालकाचा भाऊच जामीन उभा राहतो. त्याचा आम्हाला फायदाच झाला. जो माणूस स्वतःला वजनात धरतो तो लबाडी कावून करील, असं लोक बोलायचे. मी दुसरा फिटर शोधायचं सोडून दिलं. मशीननं दादाचं काम नेलं होतं अन् मशीनच्याच चुकीनं ते त्याला परत मिळालं होतं. तो डोईला पांढरा पटका बांधून यायचा, जसा काही कचेरीला निघालाय.

दोनेक वर्षं अशी गेली. मग एका दिवाळीनंतर शून्य बिघडलं. दादा उभा असताना वजा पाच. मी प्लेटीखालची माती काढायला लावली. पुढं वजा दहा झालं. मी कॉम्प्युटरला शिव्या दिल्या, केबिनच्या दाराला लाथ मारली. एक चौकोनी दगड आणून दादाच्या पायाशी ठेवला तेव्हा कुठं शून्य जुळलं. काही दिवसांनी तो दगडही पुरेना. मी म्हणालो, काटा नासला, उद्या अंबाजोगाईहून माणूस आणतो.

दादा कोपऱ्यातूनच म्हणाला, "काटा बरोबर हाय."

त्यानं ते इतकं शांतपणे म्हटलं की मी त्याच्याकडं नीट बघितलं. पटका तोच होता, खालचा चेहरा लहान झाला होता. माणूस आणायच्या ऐवजी मी दादालाच अंबाजोगाईला नेलं. पोटातलं दुखणं होतं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. उन्हाळा लागायच्या आत दादा गेला.

आमच्यात माणसाला जाळत नाहीत, मातीत बसवतात. मांडी घालून, कपाळाला विभूती लावून, हातात लिंग देऊन. जंगमस्वामी आले, सगळं रीतीनं झालं. दादाला आमच्याच शेतात, काट्याच्या मागच्या पट्टीत बसवलं.

सुतक फिटल्यावर मी काटा उघडला. कॉम्प्युटर लावला. लाल आकडे पेटले. वजा पासष्ट.

हे मला आधी सुचायला पाहिजे होतं, पण सुचलं नव्हतं. जगात सगळीकडं दादा गेला म्हणून लिहून झालं होतं. या एका ठिकाणी त्याची जागा रिकामी होती अन् ती जागा मशीन रोज दाखवत होतं. मी स्वतः कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. मी तेव्हा वजनानं ऐंशी किलोच्या घरातला, पोट सुटलेला गडी. आकडा शून्याच्या पार वर गेला. बाहेरचा शेतकरी म्हणाला, मालक, तुमी नगा उभं राहू, तुमी जड हाव.

मग पाथरवटाकडून एक काळा दगड घडवून घेतला. पासष्ट भरेपर्यंत त्याला टाकीनं तासायला लावलं. तो दादाच्या कोपऱ्यात उभा केला अन् शून्य जुळलं. लोकांना सांगावं लागलं नाही. ड्रायव्हर त्याच्याजवळून जाताना चाक वळवून घ्यायचे. सोमवारी कुणीतरी बेल वाहून जायचं. कुणी हे केलं ते मी विचारलं नाही.

दिवस मावळताना गाड्या थांबल्या की मी दगड गड्याकडून उतरवून घ्यायचो, प्लेटीवर रात्रभर बोजा नको म्हणून. मग केबिनमध्ये एकटा बसून आकड्याकडं बघायचो. वजा पासष्ट. वारा आला की जरा हलायचा, पुन्हा तिथंच. अशाच एका दिवेलागणीला मी बिडी पेटवत होतो. रस्त्यावर कुणी नाही, आवारात कुत्रंसुद्धा नाही. आकडा चढायला लागला. वजा पन्नास, वजा तीस, वजा दहा. शून्य. तिथं थांबला. काडी माझ्या बोटाला भाजेपर्यंत मी बघत होतो. मग तो तसाच सावकाश उतरला अन् वजा पासष्टावर जाऊन बसला.

प्लेटीखाली ओल धरली की आकडे पळतात हे मला माहीत आहे. उंदीर तार कुरतडतो, तरी पळतात. पण पळणारा आकडा शून्यावर कावून थांबावा? दुसऱ्या कुठल्या आकड्यावर कावून नाही? मी हे कुणाला बोललो नाही. पुढं आणखी काही वेळा झालं. दिवस धरून नाही, आपल्या मर्जीनं. मी दिवेलागणीला कुठं जाईनासा झालो. नारायणगडाच्या जत्रेलाही त्या वर्षी घरचे गेले, मी काट्यावर राहिलो.

याच सुमाराला कॉम्प्युटरांत व्हायरसची साथ आली. व्यापाऱ्यांना रोजची वजनं पाठवायची म्हणून काट्याला फोनची तार जोडली होती. त्या तारेतून काहीतरी आत शिरलं. मशीन चालता चालता आपणहून मरायचं, आपणहून उठायचं. मी घाबरलो तो गिऱ्हाइकासाठी नाही. वजा पासष्ट पुसून गेलं तर काय, म्हणून घाबरलो. अंबाजोगाईला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक तिशीतला माणूस होता, त्याला बोलावलं. त्यानं प्रोग्रामचा एक लहानसा तुकडा मशीनला लावला अन् आजार थांबला. म्हणाला, असे तुकडे कंपनी सारखे काढत असते, तारेवरून येतील, येऊ द्या. चोर जिथून शिरतो ती फट त्यानं बुजते. मी म्हणालो, म्हणजे ठिगळ. तो म्हणाला, ठिगळच म्हणा.

ठिगळाला माझी ना नव्हती. पण काही महिन्यांनी तो पुन्हा आला अन् म्हणाला, आता मोठं येतंय. ठिगळ नाही, अख्खी सिस्टीमच बदलून जाईल. तुमचा काट्याचा प्रोग्राम जुना आहे, नव्या सिस्टीमवर तो चालणार नाही. तो करणाऱ्याचं दुकानही राहिलं नाही. नवा प्रोग्राम टाकून देतो, शून्य नव्यानं धरू, हा दगडाचा खेळही संपेल.

मी विचारलं, "शून्य नव्यानं धरलं की जुनं कुठं जातं?"

"कुठं जाईल काका? जातं."

"मग नको."

त्यानं पुष्कळ समजावलं. नवी सिस्टीम भक्कम आहे, तिच्यात राखण जास्त आहे. मी म्हणालो, कडीकोयंडा रोज बदल, खिळे ठोक, फटी बुजव. चौकटीला हात लावायचा नाही. तो हसला, म्हणाला असं कुणी करतं का. मी म्हणालो, मी करतो. माझ्या आवारात माझं चालतं. मग त्यानं डोकं खाजवलं अन् म्हणाला, तशी सोय एक आहे. मोठ्याला अडवून धरायचं अन् लहानांना आत सोडायचं. मशीनमध्ये तशी आड घालता येते.

"घाल," मी म्हणालो.

"घालतो. पण काका, ही आड कायमची न्हाई. काही महिन्यांनी ती गळून पडते. मग मोठं येणारच."

त्या महिन्यांत माझ्यावर काय आलं होतं ते सांगता येत नाही. ठिगळं येत होती. पहाटे तार लावली की मशीन कुरकुर करत एकेक घ्यायचं अन् मी बाजूला उभा राहून पुन्हा पुन्हा विचारायचो, मोठं तर नाही ना आलं? मशीन बंद करून चालू केलं की आधी आकड्याकडं बघायचो. वजा पासष्ट दिसलं की जेवण जायचं. दुसऱ्याच्या काट्यावर असा आकडा दिसला तर लोक गाडी वळवून नेतील. मला त्याच आकड्याचा आधार झाला होता. संध्याकाळी वाट बघायची, आज चढतो का. चढला तर बिडी हातातच विझायची, नाही चढला तर कुठं अडकला असंल म्हणून जिवाला घोर.

घरात माझं वागणं लपलं नाही. एका दुपारी वहिनी काट्यावर आल्या, दादाची बायको. दादा जिवंत असताना त्या कधी काट्यावर आल्या नव्हत्या. घरच्या बायांना तिथं बसायला जागा नाही म्हणून मीच त्यांना येऊ देत नसे. डोक्यावरचा पदर सावरत त्या दगडापुढं उभ्या राहिल्या. दगडावर सुकलेला बेल होता. मी शून्य कसं चुकलं, दगड कुणी घडवला, सगळं सांगितलं. संध्याकाळचंही सांगून टाकलं. ज्या गोष्टी बायकोला सांगितल्या नव्हत्या त्या वहिनीला कशा सांगितल्या, कळलं नाही.

त्यांनी दगडावरचा बेल गोळा करून पदरात घेतला. मग म्हणाल्या, "भावजी, आपण त्यांना मातीत बसवलं."

मी म्हणालो, हो.

"मग तुमी हितं उभं कावून ठेवलंय? पाय दुखत असतील की त्यांचे."

मला राग आला. मी म्हणालो, दादाला उभं राहणं आवडायचं. त्या म्हणाल्या, जिवंत असताना आवडायचं. काम होतं म्हणून आवडायचं. आता गाडी येते, दगड उभा राहतो, वजन होतं. त्यांचं हितं काय काम हाय? तुमीच बोलवता म्हणून येतात. एवढं बोलून त्या मागच्या पट्टीतल्या समाधीवर बेल ठेवायला गेल्या. माझ्याशी भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर मी जिंकलो असतो, भांडणात मी कधी हरलो नाही.

त्यानंतर संध्याकाळी आकडा चढला तेव्हा मी पहिल्यांदा दादाच्या पायाचा विचार केला. शून्यावर थांबलेला आकडा बारीक थरथरत होता. म्हातारं माणूस फार वेळ उभं राहिलं की थरथरतं तसा.

आड गळायला थोडे दिवस राहिले असतील. ती आपणहून गळाली असती अन् मोठं घुसलं असतं, तर मी म्हणू शकलो असतो की माझ्या हातात नव्हतं. तसं मला नको होतं. माझ्या आवारातली वस्तू माझ्या शब्दानं हलते. अंबाजोगाईला फोन केला, म्हणालो, ये, बदलून टाक.

तो सकाळीच आला. मशीनची जुनी वजनं फ्लॉपीच्या चकत्यांवर उतरवून घेतली, नवी सिस्टीम घातली, त्यावर नवा प्रोग्राम घातला. दुपार कलली. मग म्हणाला, काका, काटा रिकामा करा, शून्य धरू. गड्यांनी दगड उतरवला. मी प्लेटीच्या चारी बाजूंनी फिरलो. एक वाळकं पान होतं ते उचललं. गडी दूर उभे केले, कुत्र्याला हाकललं. मागल्या वेळी कुणी बाहेर बघितलं नव्हतं, या वेळी बघायचं काम माझं होतं.

आतून त्यानं विचारलं, "धरू का? कुणी न्हाई ना आता?"

प्लेटीवर कुणी नव्हतं. कोपऱ्यात दगडाखालचा लोखंडाचा रंग तेवढा वेगळा दिसत होता, बाकी ऊन. मी म्हणालो, थांब जरा. गडी माझ्याकडं बघत होते, त्यांच्यासमोर कसं बोलावं. पण न बोलता धरलं असतं तर पुन्हा तो आत सापडला असता, मागच्यासारखा, अन् या वेळी कायमचा.

"दादा," मी म्हणालो, "उतर आता."

गड्यांनी माना खाली घातल्या. मी थोडा वेळ दिला, एक माणूस कोपऱ्यातून सावकाश चालत प्लेटीच्या कडेला येऊन पाय खाली टेकवील तेवढा. मग केबिनकडं हात केला. आकडे एकदा विझले अन् पुन्हा पेटले. शून्य. साधं शून्य, कुणालाही दाखवावं असं.

दगड वहिनींनी मागून घेतला. समाधीच्या उशाला आडवा टाकला, उभा करू दिला नाही.

त्या संध्याकाळी मी केबिनमध्ये बसून राहिलो. आता आला तर आकडा शून्याच्या वर चढणार होता, लपणार नव्हता. अंधार पडून आकड्यांचा लाल उजेड आवारात पसरला तरी शून्य जागचं हललं नाही. घरी गेलो तर वहिनी ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आले का?"

"न्हाई."

"मग बसले म्हणायचे," त्या म्हणाल्या अन् माझ्यासाठी पाणी आणायला उठल्या.

पुढंही कधी आकडा चढला नाही. ठिगळं मात्र येत राहिली. त्या मशीनमागं दुसरं आलं, त्यामागं तिसरं, अन् प्रत्येक वेळी मोठं बदलायचं म्हटलं की मी आधी लांबवत राहिलो अन् लहान तुकडे तेवढे घेत राहिलो. अंबाजोगाईचा माणूस आता केसांनी पिकला, तो हसतो अन् आड घालून देतो. त्याला मी कारण सांगत नाही. जुन्यात कोण उभं आहे हे बघितल्याशिवाय नवं आणू नये, एवढंच माझं म्हणणं. गाडीवान अजूनही त्या कोपऱ्यावरून चाक नेत नाहीत, नवी पोरंसुद्धा नाही. त्यांना कुणी सांगितलं ते मला माहीत नाही.

परवा बाजाराचा दिवस नव्हता, आवार रिकामं होतं. मी सहज त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. पोट कधीच उतरलं माझं, शर्ट खांद्यावरून लोंबतो. मान वर करून बघितलं. पासष्ट.

मी खाली उतरलो. शून्य झालं. फिटर बोलावला नाही. काटा बरोबर हाय.